इंग्रजीसुद्धा एकेकाळी गुराख्याचीच भाषा होती!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एक आजी बँकेची नोटीस घेऊन आमच्या दारी आल्या. घरातली कर्ती माणसे कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली. आमच्या धारूर तालुक्यात दिवाळीनंतर अर्धी वस्ती अशीच रिकामी होते, मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. कागद इंग्रजीत असल्यामुळे आजींनी तो पिठाच्या डब्याखाली नीट जपून ठेवला होता. पोरगा आला की वाचील, या भरवशावर. आम्ही तारीख पाहिली. हरकत घेण्याची मुदत उलटून तीन आठवडे झाले होते.

पाचवीतली नात सोबत होती. तिने मोठ्या हुशारीने कागद वाचायला घेतला आणि एका शब्दाशी 'डेब्ट' असे म्हणाली. ओट्यावरची कॉलेजची पोरे फिदीफिदी हसली. "अगं, डेट म्हणायचं, बी सायलेंट असतो." पोरगी खाली मान घालून म्हणाली, "म्हणायचा नाही तर लिहिलाय कशाला?"

बंधु-भगिनींनो, आम्ही बी.कॉम. झालेली माणसे, वीस वर्षे कारकुनी केली, 'डेबिट-क्रेडिट' हजारदा लिहिले, पण या प्रश्नाचे उत्तर आम्हालाही देता आले नाही. म्हणून पुस्तके चाळली. जे हाती आले ते आमच्या घराघरांत कळावे असे वाटते.

इंग्रजी ही काही जन्मापासून साहेबाची भाषा नव्हे. पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन, ज्यूट अशा टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या, त्यांच्या बोलींतून ती उभी राहिली. 'अँगल' यावरूनच 'इंग्लिश' हा शब्द पडला. पुढे 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबार फ्रेंच, कोर्ट फ्रेंच, जमीनदार फ्रेंच बोलणारे. इंग्रजी उरली ती नांगरणाऱ्यांच्या आणि गुरे राखणाऱ्यांच्या तोंडी. याचा पुरावा आपल्या रविवारच्या चुलीवर आहे. मेंढरू जिवंत असते तोवर त्याला इंग्रजीत 'शीप' म्हणतात, हा राखणाऱ्याचा शब्द. शिजून ताटात आले की ते 'मटन', आणि हा शब्द मूळ फ्रेंच, म्हणजे खाणाऱ्याचा! आपण 'मटण' म्हणतो तो हाच. राबणारा एका भाषेत बोलतो आणि जेवणारा दुसऱ्या, हे आमच्या वाचकांना फार फोड करून सांगायला नको.

जवळपास तीनशे वर्षांनी, 1362 साली, कायदा झाला की कोर्टातले बोलणे इंग्रजीतून व्हावे, कारण फ्रेंच लोकांना समजत नाही. गंमत अशी की हा कायदासुद्धा लिहिला फ्रेंचमध्येच.

आपल्या मराठवाड्यात तरी वेगळे काय होते? निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू. 1948 सालच्या 17 सप्टेंबरपर्यंत आमच्या आजोबा-पणजोबांच्या जमिनीचे कागद त्यांना वाचता येत नव्हते. मात्र ते शब्द आपल्या जिभेवर रुळले: तहसील, वकील, अर्ज, फिर्याद, आणि आपला मुकादमसुद्धा. आज त्याच मुकादमाच्या तोंडी 'टायर सेंटर' आणि 'ट्रॅक्टर' आहेत. भाषा अशीच वाढते. इंग्रजीनेही जिथे जाईल तिथून शब्द उचलले. धारूरच्या डोंगरात धावणारे आपले मुंगूस इंग्रजांनी नेले आणि त्याचे 'माँगूस' केले. कोणाला चोरी केल्यासारखे वाटले नाही.

आता पोरीच्या 'बी'कडे येऊ. पूर्वी इंग्रजीत बरेचसे जसे बोलत तसे लिहीत. 'नाइफ'मधला 'के' खरोखरच उच्चारला जाई, 'नाइट'मधल्या 'जीएच'लाही आपल्या 'ख'सारखा घशातला आवाज होता. 1476 साली कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातला आणि स्पेलिंग हळूहळू छापाला जखडत गेली. उच्चार मात्र पुढची दोन-तीनशे वर्षे बदलतच राहिले. त्यामुळे अक्षरे जुन्या काळाची आणि बोलणे नव्या काळाचे, असा घोळ झाला. पण 'डेट'ची गोष्ट त्याहून मजेची. तो शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'बी' नव्हताच! सोळाव्या शतकाच्या सुमारास लॅटिन शिकलेल्या पंडितांनी, शब्दाचे कूळ मोठे आहे हे दिसावे म्हणून, तो मध्येच घुसवला. शब्दालासुद्धा खानदान दाखवावे लागते, मग माणसांचे काय! आणि त्या पंडितांच्या हौसेपायी धारूरच्या ओट्यावर आमची पोरगी हसण्यावारी गेली.

आपल्या माणसांना इंग्रजीचे मोल कोणी शिकवायला नको. सावित्रीबाईंनी 1854 च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजीवर कविता केल्या. बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' मराठीत काढला, आणि 1936 साली जातिनिर्मूलनावरचे भाषण इंग्रजीत छापले. ज्याला जे सांगायचे ते त्याच्या भाषेत. 1950 साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांना ही भाषा पहिल्यांदा जवळून भेटली. 2000 सालापासून तर ती राज्यातल्या शाळांत पहिलीपासून आहे. तरी डब्याखाली नोटीस पडून राहते, याचे आम्हाला दुःख आहे. पोरांना स्पेलिंगची भीती घालण्याऐवजी घरी आलेला एखादा कागद वर्गात वाचून घेतला तर काय बिघडेल?

आजींसाठी आम्ही मराठीत अर्ज लिहिला, उशिराचे कारण दिले आणि मुदत मागितली. बारा दिवसांनी उत्तर आले, तेही इंग्रजीतच. पोरीने ओट्यावर उभे राहून ते वाचले. एक महिन्याची मुदत मिळाली होती. 'डेट' तिने बरोबर म्हटले, आणि हसणाऱ्या पोरांना त्या 'बी'ची सगळी हकिगत ऐकवली.