बोट ठरली, पण तांडेल कोण?

आठवडाभर भिवंडीच्या गोडाउनचा हिशेब आणि अंजूरफाट्याचा ट्रॅफिक सोसल्यावर वीकेंडला समुद्र आठवणारच! दहा जणांनी कॉन्ट्री काढली की गेटवेवरून प्रायव्हेट बोट घेता येते. पण बुकिंग करताना आपण काय विचारतो? म्युझिक सिस्टिम आहे का, केक कापता येईल का. बोट चालवणार कोण, हे मात्र राहूनच जातं.

18 डिसेंबर 2024 ला एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. 15 जणांचा जीव गेला. अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

म्हणून आधी विचारा: तांडेलाकडे परवाना आहे ना? इंजिन कोण बघणार? दोर-नांगर सांभाळायला खलाशी आहे का? बोटीला किती माणसांची परवानगी आहे, आणि तेवढी जॅकेट्स आहेत का? हवामानामुळे ट्रिप रद्द झाली तर पैसे परत मिळतील, हे लिहून घ्या.

जेवण मागवाल तेव्हा या मंडळींचंही मागवा. आणि तांडेल म्हणाला, ‘आज वारा आहे, नको जाऊया,’ तर हुज्जत घालू नका. त्या अनुभवाचेच तर आपण पैसे मोजतो!