माशी घराबाहेर येते तेव्हा

भिंगाखाली आधी पोळ्यातल्या घराच्या मेणाच्या झाकणाला बारीक चीर दिसते, मग तीतून स्पर्शिका चाचपडत बाहेर येतात. कामकरी माशी झाकण आतून स्वतःच्या जबड्यांनी कुरतडते. विलक्षण चिकाटी! युरोपीय मधमाशीला, म्हणजे मेलिफेराला, इथवर साधारण २१ दिवस लागतात: ३ अंड्यात, ६ अळी म्हणून, उरलेले १२ झाकणाआड. आपली सातेरी मधमाशी थोडी लवकर बाहेर पडते.

नवी माशी फिकट राखाडी असते. लव अंगाला चिकटलेली, कवच इतकं मऊ की डंखही मारता येत नाही. तरी पहिलं काम लगेच सुरू होतं, रिकामी घरं साफ करण्याचं. चाटूनपुसून लख्ख केलेल्या अशा घरातच राणी पुन्हा अंडं घालते. मधमाश्यांची पेटी तपासताना अशी अर्धवट बाहेर आलेली माशी दिसली, तर तिला ओढून काढू नका.