आदिम आहाराचा डबा : एक नवा गृहोद्योग

आहाराच्या बाबतींत प्रत्येक पिढीस कांहींना कांहीं नवें वेड लागतेंच. हल्लीं सुशिक्षित तरुण मंडळींत ज्या आहाराचा बोलबाला आहे त्यास 'पॅलिओ' म्हणतात. 'पॅलिओलिथिक' म्हणजे पुराणाश्मयुग. शेतीचा शोध लागण्यापूर्वीं मनुष्य जें खात असे तेंच त्याच्या देहास मानवतें, ही या मताची मूळ भूमिका. सकाळीं आठास घर सोडून रात्रीं परतणाऱ्या नोकरदार मनुष्यास असला स्वयंपाक स्वतः करणें जमत नाहीं, आणि साध्या उपाहारगृहांत तो मिळत नाहीं. म्हणून ज्या गृहिणीस हाताची चव आहे व थोडें स्वतंत्र अर्जन करण्याची इच्छा आहे, तिला असे डबे घरून देण्याचा उद्योग करण्यासारखा आहे. मात्र पातेलें चुलीवर चढविण्यापूर्वीं हा आहार म्हणजे काय, आपल्या स्वयंपाकघरांतून तो कितपत साधेल, आणि त्याचा हिशेब कसा बसतो, या गोष्टी घरांतील सर्वांनीं नीट समजून घेतल्या पाहिजेत.

मताचा उगम

हें मत अमेरिकेंतून आलें. वॉल्टर व्होग्टलिन या पोटाच्या विकारांच्या वैद्यानें 1975 सालीं अश्मयुगीन आहारावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें 1985 सालीं बॉइड ईटन व मेल्विन कॉनर या दोघांनीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकांत त्याच विषयाचा विद्वत्तापूर्ण ऊहापोह केला, आणि 2002 सालीं लॉरेन कॉर्डेन यांच्या 'द पॅलिओ डाएट' या पुस्तकानें हें नांव घरोघर पोंचविलें.

आपल्या वाचकांस या आहाराचे नियम आपल्याच परिभाषेंत चटकन् समजतील. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसाव्या अध्यायांत आहारद्रव्यांचे बारा वर्ग केले आहेत. त्यांपैकीं शूकधान्य म्हणजे तांदूळ-गव्हादि, शमीधान्य म्हणजे डाळी-कडधान्यें, गोरस म्हणजे दूध-दहीं, इक्षुविकार म्हणजे साखर-गूळ, आणि मद्य, हे पांच वर्ग या मतानें वर्ज्य ठरविले आहेत. चरकांनीं इक्षुवर्गांत घातलेला मध तेवढा बेतानें चालतो. मांस, शाक, फल, हरित व जल हे वर्ग ग्राह्य. मासे व अंडीं मांसवर्गांतच आलीं. नारळ, बदाम, अक्रोड, तीळ हींही घेतां येतात. बटाट्याविषयीं त्या पंथांतही एकमत नाहीं. कॉर्डेन तो वर्ज्य मानतात, इतर कांहीं मानीत नाहींत.

या मताचा इतिहास मात्र जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाहीं. इटलींत सांपडलेल्या सुमारें तीस हजार वर्षांपूर्वींच्या दगडी वरवंट्यांवर वनस्पतींच्या पिठाचे कण चिकटलेले आढळले, हें 2010 सालीं प्रसिद्ध झालें. जॉर्डन देशांतील एका जुन्या चुलींत चौदा हजार वर्षांपूर्वींच्या भाकरीचे जळके तुकडे मिळाल्याचें 2018 सालीं जाहीर झालें. तेव्हां शेतीपूर्वींच्या मानवानें धान्यास हातच लावला नाहीं असें म्हणतां येत नाहीं. तथापि मैदा, साखर, तळीव फरसाण कमी करून ताटांत भाजीपाला वाढवावा, हा त्यांतील अंश कोणत्याही शहाण्या वैद्यास मान्य होईल. आपण डबा विकतांना एवढेंच सांगावें, याहून अधिक सांगूं नये.

उपवास म्हणजे पॅलिओ नव्हे

पुष्कळ गृहिणींस वाटेल कीं धान्यावांचून जेवण आपल्याला नवीन नाहीं, एकादशी आपण करीतच आहों. येथेंच पहिली गफलत होण्याचा संभव आहे. उपवासाच्या ताटाची परीक्षा केली तर वरी हें तृणधान्यच ठरतें. राजगिरा धान्यासारखा वापरला जातो म्हणून वर्ज्य. शेंगदाणा हा शमीवर्गांतला. दहीं-दूध गोरसांतलें. साबुदाणा हा कारखान्यांत काढलेला निव्वळ पिष्टाचा पदार्थ. शिल्लक राहिलीं तीं सुरण, रताळें, नारळ आणि फळें. म्हणजे ज्या दाण्याच्या कुटावर आपल्या उपवासाचा अर्धा डोलारा उभा आहे, तोच प्रथम काढावा लागतो.

तरीसुद्धां आपल्या पाकशास्त्रांत या डब्यास साजेसें पुष्कळ आहे. खोबरेल तेलावर परतलेले सुरणाचे काप, नारळाच्या दुधांतलें लाल भोपळ्याचें भरीत, ओलें खोबरें घातलेली दुधीची वा फणसाची भाजी, भरल्या वांग्यांत दाण्यांऐवजीं तीळ-खोबऱ्याचें सारण, फ्लॉवर किसून वाफवलेला 'भात', काकडीची दह्यावांचून खमंग कोशिंबीर, आणि कोंकणची सोलकढी. सोलकढी तर आमसूल व नारळाच्या दुधाची असल्यानें एका अक्षराचाही फरक न करतां या नियमांत बसते.

डोळ्यांस न दिसणारें धान्य

या उद्योगाचें खरें मर्म पुढेंच आहे. साध्या खाणावळीच्या डब्यांत मीठ कमी झालें तर गिऱ्हाइकास पहिल्या घासास कळतें. या डब्यांत चिमूटभर पीठ गेलें तर त्याला कधींच कळणार नाहीं. तो जे पैसे देतो ते आपल्या शब्दावर विश्वासून देतो. म्हणून आपल्या नेहमींच्या संवयी एकेक तपासून पाहाव्या लागतात.

बाजारांतला खडा किंवा भुकटीचा बांधणीचा हिंग घ्या. त्यांत गव्हाचें अथवा तांदळाचें पीठ मिसळलेलें असतें. डबीवरील घटकांची यादी वाचली म्हणजे तें दिसतें. विकतच्या कांहीं मसाल्यांत डाळी भाजून घातलेल्या असतात. अळूच्या पातळ भाजींत हरभऱ्याची डाळ, दाणे आणि बेसन हीं तिन्ही आपण न विचारतां घालतों. केळफूल चिरून ताकाच्या पाण्यांत टाकण्याचा प्रघात आहे. येथें लिंबाचें किंवा आमसुलाचें पाणी घ्यावें लागेल. आमटी-भाजींत गुळाचा खडा टाकल्यावांचून ज्या घरांतील हात थांबत नाहीं, त्या घरानें तर विशेष सावध असावें. फोडणीचें शेंगदाण्याचें तेलही बदलावें लागतें. साजुक तुपाविषयीं मतभेद असल्यामुळें तें चालतें कीं नाहीं, हें प्रत्येक गिऱ्हाइकास विचारून वहींत लिहून ठेवावें.

यासाठीं पळ्या, कढया, मसाल्याचा डबा व वरवंटा किंवा मिक्सरचें भांडें निराळें ठेवावें. सोवळ्याचें शिस्तशीर स्वयंपाकघर ज्या आजींनीं चालविलें त्यांना ही वेगळी मांडणी सांगावी लागणार नाहीं. त्यांचाच सल्ला येथें सर्वांत उपयोगी पडेल.

शाकाहारी घरापुढील प्रश्न

आतां कठीण प्रश्नाकडे वळूं. डाळ गेली आणि दूधही गेलें, तर शाकाहारी मनुष्याच्या ताटांत प्रथिनें उरतात तीं थोड्याशा बदाम-अक्रोड-तिळांचीं. दूध सोडलेल्या शुद्ध शाकाहारांत ब-12 हें जीवनसत्त्व मिळण्याची सोय राहत नाहीं, आणि चुन्याचा अंशही उणा पडतो. मूळ मताच्या पुरस्कर्त्यांनीं मासे-मांस गृहीत धरलें आहे. गोव्याकडील व कारवारकडील सारस्वत गृहांत मासळी शिजतेच, त्यांना ही अडचण नाहीं. परंतु ज्या घरांत अंडेंही येत नाहीं, त्यांनीं काय करावें?

माझ्या मतें दोन मार्ग आहेत. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांची संमति असेल त्यांनीं अंड्यांपुरती वेगळी शेगडी व भांडीं ठेवावीं. नसेल तर तसा आग्रह धरूं नये. कोणाचें मन दुखवून आणलेला पैसा घरांत सुखानें नांदत नाहीं. अशा घरानें आपल्या डब्यास पूर्ण भोजन न म्हणतां 'धान्य, डाळ, दूध व साखर यांवांचून केलेल्या भाज्यांचा डबा' असें स्पष्ट म्हणावें, आणि प्रथिनांची तजवीज गिऱ्हाइकानें स्वतः करावी असें आरंभींच सांगावें. यानें कांहीं गिऱ्हाइकें कमी होतील, पण जीं राहतील तीं टिकतील.

याहून गंभीर गोष्ट रुग्णांची. मधुमेही लोक हा डबा विशेष मागतील. जो मनुष्य इन्सुलिन घेतो किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेतो, त्यानें औषध तसेंच ठेवून एकाएकीं भात-पोळी बंद केली तर रक्तांतील साखर धोक्याइतकी खालीं जाऊं शकते. मूत्रपिंडाच्या विकारांत फळें व कंद हेही अपायकारक होऊं शकतात. तेव्हां डबा सुरू करण्यापूर्वीं आजार, औषधें व कोणत्या पदार्थाची बाधा होते हें विचारावें, आणि 'आपल्या डॉक्टरांस विचारून या' असें निःसंकोच सांगावें. 'आमच्या डब्यानें मधुमेह बरा होतो' असें छापणें हें नुसतें असत्यच नव्हे, तर गुन्हा आहे. 1954 च्या जादूटोण्याच्या औषधांसंबंधीं कायद्यानें अशा जाहिरातीस मनाई केलेली आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 या कायद्याप्रमाणें घरून अन्न विकणाऱ्यासही नोंदणी करावी लागते व चौदा आंकडी क्रमांक मिळतो. तो घेतल्याशिवाय पहिला डबाही विकूं नये. शिजलेलें अन्न साठ अंश सेल्सिअसच्या वर गरम राहावें किंवा पांच अंशांच्या खालीं थंड राहावें; मधल्या उष्णमानांत जंतु झपाट्यानें वाढतात. नारळाचें दूध तर लवकर आंबतें, म्हणून तें त्याच सकाळीं काढावें.

त्रैराशिक

शाळामास्तराची खोड म्हणून थोडें गणित मांडतों. आंकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकीनें आपल्या गांवच्या भावांनीं ते बदलावे. समजा, एका डब्यास भाजी, नारळ व तेल मिळून 80 रुपये, इंधनास 8, बांधणी व पोंचवणावळ 22, नासधूस व भांड्यांची झीज 10 पडले. एकूण 120 रुपये. भाजीचा भाव धरतांना सोलून उरलेल्या वजनावर धरावा. सुरण व फणस यांत साल-चोथा पुष्कळ जातो.

बहुतेक गृहिणी येथेंच थांबतात आणि 'घरचेंच तर आहे' म्हणून डबा 120 किंवा फार तर 130 रुपयांस देतात. महिन्यास 25 दिवस, रोज दहा डबे, म्हणजे 250 डबे. रोज चार तासांप्रमाणें शंभर तासांचे श्रम. डब्यामागें मजुरीचे 40 रुपये धरले तर महिन्यास 10,000 रुपये, म्हणजे तासास 100 रुपये होतात. ते धरले नाहींत तर ती बाई शंभर तास फुकट राबली, आणि वर घरांतील मंडळी म्हणावयास मोकळी, 'धंद्यांत कांहीं सुटत नाहीं.' म्हणून 120 अधिक 40, आणि अडीअडचणीसाठीं 20, मिळून 180 रुपये ही खरी किंमत. ती गिऱ्हाइकास जड वाटली तर डबे कमी द्यावेत, मजुरी मात्र पुसूं नये.

बायकांच्या स्वयंपाकाचें मोल नाहीं ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती मोडणारीं उदाहरणेंही आपल्याचकडचीं आहेत. 1959 सालीं गिरगांवांत सात भगिनींनीं 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्याचीच 'लिज्जत' झाली, आणि तेथें लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीण असते. 1975 सालीं प्रेमा पुरव यांनीं मुंबईंत अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. गिरणी-कामगारांस जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या पाशांत होत्या, त्यांना बँकेचें कर्ज मिळवून देण्यापासून त्या कार्यास प्रारंभ झाला. दोन्ही ठिकाणीं श्रमाचा पैसा श्रम करणारीच्या हातीं पडला, हें त्या यशाचें एक मुख्य कारण होय.

घरांतील करार

एकत्र कुटुंबांत हा उद्योग जावेजावेंत तंट्याचें मूळ होऊं नये, यासाठीं आरंभींच चार गोष्टी ठरवाव्यात. बँकेंतील खातें काम करणारीच्या नांवें असावें. जाऊ किंवा नणंद मदतीस बसली तर तिचे तास त्याच वहींत मांडून तिलाही त्याच दरानें मोबदला द्यावा. सकाळचे चार तास जी डब्यांकडे आहे तिच्यावरच घरच्या दहा माणसांची न्याहारी व मुलांचे डबे लादूं नयेत. तें काम कोणीं करावयाचें हें सासूबाईंनीं सर्वांसमक्ष ठरवून द्यावें. पुरुष मंडळींनीं मंडईंतून भाजी आणावी, हिशेब लिहावा आणि डबे पोंचवावेत. यांत कोणाचा कमीपणा नाहीं.

आरंभ लहान करावा. पहिले पंधरा दिवस ओळखीच्या तीन-चार घरींच डबे द्यावेत, आठवड्याचे सहा पदार्थ ठरवून घ्यावेत, आणि रोज प्रत्येक डब्यावर त्यांत काय काय घातलें हें स्वच्छ अक्षरांत लिहून चिकटवावें. एखादे दिवशीं चुकून वर्ज्य जिन्नस पडलाच तर डबा जाण्यापूर्वीं गिऱ्हाइकास तसें कळवून त्या दिवसाचे पैसे घेऊं नयेत. त्या दिवशीं 180 रुपयांची खोट येईल खरी. परंतु पुढच्या महिन्याचे डबे त्याच घरीं जातील, आणि त्या घरच्या ओळखीनें आणखी दोन घरीं जातील.