समुद्रावरील ढगांचे मोजमाप

महाराष्ट्रात आषाढ-श्रावणात पाऊस भरात असतो. चेन्नईत मात्र पावसाळ्याचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आढळतो. ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरील बाष्प किनाऱ्याकडे आणतात आणि त्यांच्याबरोबर ढगांच्या रांगाही सरकत येतात. यांतील काही ढगांचे माथे जेमतेम दोन-अडीच किलोमीटर उंचीवर असतात. मासेमारीसाठी दूर गेलेल्या नावांना आणि शहरातील सखल वस्त्यांना त्यांची वार्ता वेळेवर मिळणे निकडीचे असते.

चेन्नई बंदरावरील रडार ही वार्ता देते; परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचे किरण दूर जाताना समुद्रपृष्ठापासून वर वर जातात. दोनशे किलोमीटर अंतरावर ते सुमारे चार किलोमीटर उंचीवर पोहोचतात. कमी उंचीवरील ढग त्यांच्याखालून निसटतात. म्हणूनच उपग्रहाची गरज भासते. चेन्नईच्या उत्तरेस असलेल्या श्रीहरिकोटा येथून ८ सप्टेंबर २०१६ रोजी इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी इन्सॅट-३डीएस हे हवामान-उपग्रह सोडण्यात आले. त्यांची कक्षा सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे.

इतक्या दूरवरून ढग मोजायचा कसा? ढगाच्या माथ्यावरून येणाऱ्या अवरक्त किरणांवरून त्याचे तापमान कळते. हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. समुद्राचे पाणी २८ अंश आणि ढगाचा माथा १५ अंश असेल, तर माथा ढोबळमानाने दोन किलोमीटर उंचीवर आहे, असे अनुमान करता येते.

खरी अडचण रात्री येते. ढग फारच खाली असेल, तर त्याच्या व समुद्राच्या तापमानात अल्प फरक असतो आणि चित्रात दोन्ही सारखेच करडे दिसतात. अशा वेळी दोन वेगवेगळ्या लांबीच्या अवरक्त लहरींची चित्रे ताडून पाहतात. पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा ढग सुमारे ३.९ मायक्रॉन लांबीच्या लहरी तुलनेने कमी उत्सर्जित करतो. त्यामुळे त्या चित्रात तो अधिक थंड भासतो. हा फरकच ढगाची चुगली करतो.

दिवसा काम सोपे होते. ढग जितका शुभ्र, तितका तो दाट. सुमारे १.६ मायक्रॉनच्या लहरी मात्र मोठे थेंब अधिक शोषून घेतात. त्यावरून थेंबांचा आकार कळतो. दाटपणा आणि आकार यांवरून पाण्याचे प्रमाणही काढता येते. मध्यम दाट ढगात एका चौरस मीटरवर अवघे शंभर ग्रॅम, म्हणजे लहान वाटीभर पाणी भरते! केवळ शुभ्रतेवरून पावसाचा अंदाज करणे फसवे ठरते. थेंबांची त्रिज्या १४ मायक्रॉनच्या आसपास गेली की ते एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात आणि सरी कोसळण्याची शक्यता वाढते. धूर व धूळ मिसळलेल्या हवेत पाणी असंख्य बारीक थेंबांत विभागले जाते. असा ढग अधिक उजळ दिसतो, पण त्यातून पाऊस पडण्यास विलंब लागतो.

या मोजमापालाही मर्यादा आहेत. या उपग्रहांच्या अवरक्त चित्रातील एक ठिपका चार किलोमीटर रुंदीचा असतो. त्यात अर्धा ढग व अर्धा समुद्र असेल, तर दोहोंची सरासरीच हाती येते. समुद्राचे तापमान पडताळण्यासाठी चेन्नईतील पळ्ळिक्करणै येथील राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने उपसागरात सोडलेल्या तरंगत्या बोयांचा उपयोग होतो. आणि वर उंच, दाट ढगांचे छत पसरले असेल, तर उपग्रहाला खालचा ढग दिसतच नाही. मग तो रडारच्या टप्प्यात येईपर्यंत वाट पाहावी लागते.