दहा मिनिटांची गाडी, अडलेला रस्ता

जुम्याच्या नमाजला उशीर झाला की आपण गाडी दिसेल तिथं लावतो. "दहा मिनिटांत येतो ना!" पण चांदूर बाजारच्या अरुंद गल्लीत तेवढ्यात १०८ ची रुग्णवाहिका अडकली तर? पेशंटसाठी तीच दहा मिनिटं मोलाची.

कायदाही आता कडक झालाय. सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्यास पूर्वी भादंवि कलम २८३ नुसार २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार तो ५,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो.

वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं सदका आहे, हे आपण मुलांना शिकवतो. मग आपलीच गाडी वाटेत कशी? वळण आणि कुणाचंही फाटक मोकळं सोडा. चार पावलं जास्त चालू.