डोंगर पहाटेच का चढायचा?

जवाहरनगरहून भंडारा-तुमसर मार्गे आंबागडला जाता येते. सातपुड्याच्या दक्षिण कडेच्या एका डोंगरावर हा गोंडकालीन किल्ला उभा आहे. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एका शाळेच्या सहलीबरोबर मी तिथे गेलो होतो. पहाटे निघायचे ठरले होते, पण बस उशिरा आली आणि चढायला सुरुवात होईपर्यंत दहा वाजून गेले. अर्ध्या वाटेवर नववीतली एक मुलगी मटकन खाली बसली. डोके दुखत होते, मळमळत होते. तिला सावलीत झोपवले, ओल्या कपड्याने अंग पुसले, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले. अर्ध्या तासाने ती सावरली आणि आम्ही माथा न गाठताच परत फिरलो. उतरताना एका शिक्षकांनी विचारले, "उशीर झाला तो तीन-चार तासांचाच. डोंगर तोच, मुले तीच. मग असे का व्हावे?"

या प्रश्नाचे उत्तर साध्या हिशेबाने मिळते.

समजा, विद्यार्थ्याचे दप्तरासह वजन ५० किलोग्रॅम आहे. १०० मीटर उंची चढण्यासाठी करावे लागणारे कार्य म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार: ५० × ९.८ × १०० = ४९,००० ज्यूल, म्हणजे सुमारे ४९ किलोज्यूल. परंतु आपले स्नायू हे फार कार्यक्षम यंत्र नव्हे. अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कार्यात उतरतो, उरलेल्या पाऊण हिश्श्याची उष्णता होते. म्हणजे ४९ किलोज्यूल कार्यामागे सुमारे १५० किलोज्यूल उष्णता अंगात निर्माण होते.

मुले तासाला ३०० मीटर उंची चढत असतील, तर ही उष्णता तासाला ४५० किलोज्यूल, म्हणजेच सुमारे १२५ वॅट झाली. स्वस्थ बसले असतानाही शरीर उष्णता निर्माण करतच असते, ती वेगळीच. आता कल्पना करा, चढणीची ही उष्णता अंगाबाहेर गेलीच नाही तर? एक किलोग्रॅम शरीराचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ३.५ किलोज्यूल लागतात. त्या हिशेबाने तासाभरात शरीराचे तापमान अडीच अंशांनी वाढून ३७ वरून ३९.५ अंश सेल्सियसवर जाईल! ४० अंशांच्या पुढे उष्माघाताचा धोका असतो. तेव्हा डोंगर चढताना खरा प्रश्न केवळ ताकदीचा नसतो, तर उष्णता बाहेर टाकण्याचा असतो.

ती दोन मुख्य वाटांनी बाहेर जाते. त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश असते. पहाटे हवा १८-२० अंश असेल, तर उष्णता त्वचेकडून हवेकडे आपोआप वाहते. मार्चच्या दुपारी पारा ३५ च्या पुढे गेला की ही वाट बंद होते, उलट हवाच शरीराला उष्णता देऊ लागते. मग उरतो एकटा घाम. एक ग्रॅम घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. म्हणून ४५० किलोज्यूलसाठी तासाला जवळजवळ २०० ग्रॅम घाम वाळायला हवा. वाळायला हवा, हे महत्त्वाचे. टपकून खाली पडलेला घाम शरीराला गार करत नाही. त्यामुळेच पावसाळ्यातल्या दमट हवेत कमी तापमानातही जीव कासावीस होतो.

यात उन्हाची भर पडते. दुपारच्या लख्ख उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा येते. आपल्या सावलीचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर धरले, आणि अंगावर पडलेल्या ऊर्जेपैकी निम्मी परावर्तित झाली असे मानले, तरी १२५ वॅट उरतातच. म्हणजे चढणीमुळे जेवढी उष्णता निर्माण होते, तेवढीच पुन्हा बाहेरून लादली जाते. डोंगर तोच राहिला, पण शरीरावरचे ओझे दुप्पट झाले. त्या मुलीचे नेमके हेच झाले होते.

पहाटेच्या चढणीत आणखी एक गंमत अनुभवाला येते. हिवाळ्यात पायथ्याशी धानाच्या बांध्यांत कडाक्याची थंडी असते, पण थोडे वर गेले की ऊब जाणवते. उंचीबरोबर तापमान किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, असे आपण शिकवतो. कळसूबाईसारख्या १६४६ मीटर उंचीच्या शिखरावर ते सहज जाणवते. मग इथे उलटे कसे? निरभ्र, निवांत रात्री जमीन उष्णता बाहेर टाकून गार होते आणि तिला लागून असलेली हवाही थंडावते. ही जड हवा उतारावरून ओघळून सखल भागात साचते. यालाच तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. वैनगंगेच्या काठी रेंगाळणारे धुके हीसुद्धा याचीच खूण.

पण जाणवलेली ऊब हवेची की आपल्याच स्नायूंची? अंगाला ते कळत नाही, तापमापीला कळते. विद्यार्थ्यांना दोन साधे तापमापी द्या. एक गट पायथ्याशी थांबेल, दुसरा वर जाईल. ठरलेल्या वेळी, सावलीत, जमिनीपासून सारख्याच उंचीवर दोघांनी नोंदी घ्याव्यात. सूर्य वर आल्यावर फरक कसा पुसला जातो, तेही आलेखात दिसेल.

सहलीची आखणी करताना मात्र वेळापत्रक शेवटाकडून बनवावे: दहाच्या आत सर्वजण खाली, असे ठरवून निघण्याची वेळ काढावी. चढताना मुलांशी बोलत राहावे. ज्याला धाप लागून एक वाक्य सलग बोलता येत नाही, त्याची चाल कमी करावी. कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तर सावली, ओला कपडा, वारा आणि तातडीने दवाखाना. आणि बस उशिरा आली, तर माथा पुढच्या खेपेसाठी राखून ठेवावा. डोंगर कुठे जात नाही.