दोष सप्तपर्णीला, शिंका हरळीच्या

ऑक्टोबर उजाडला की शीव-माटुंग्यात संध्याकाळी सप्तपर्णीचा उग्र दर्प सुटतो आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी नाकं गळू लागतात. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाडावर खापर फुटतं, कुणीतरी थेट तोडायचीच मागणी करतो. सप्तपर्णीची बाजू घ्यायला हवी. तिचं परागीभवन कीटक करतात आणि तो दर्प त्यांच्यासाठीच असतो. कीटकांच्या अंगाला चिकटून जाणारे पराग चिकट असतात, वाऱ्यावर फार लांब जात नाहीत. त्या वासाने कुणाचं डोकं चढत असेल, एखाद्या दमेकऱ्याला धाप लागत असेल, तर तो त्रास खोटा नाही. पण तो वासाचा त्रास झाला, परागांचं वावडं वेगळं. एप्रिल-मेमध्ये फाइव्ह गार्डन्सच्या रस्त्यांवर पिवळा सडा घालणारा सोनमोहर, गुलमोहर, ताम्हण हेही बऱ्याच अंशी निर्दोषच.

हवेत पराग उधळणाऱ्या फुलांकडे आपलं लक्षच जात नाही. त्यांचं काम वारा करतो, त्यामुळे त्यांना रंगाची गरज नाही आणि वासाचीही. रुळांच्या कडेला, नाल्याच्या काठी एरंड माजलेला असतो, त्याचा तुरा एकदा जवळून बघावा. वर लालसर झुबक्यांची मादीफुलं, खाली पिवळट नरफुलांचे गुच्छ. नरफुलांतले परागकोश सुकले की फटकन फुटतात आणि पराग हवेत भिरकावतात. शीवच्या टेकडीवर, सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधलेल्या किल्ल्याभोवती, पावसाळ्यात गवत माजतं. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत ते फुलोऱ्यावर असतं. मोकळ्या भूखंडांवर गाजरगवताची पांढरी फुलं असतात. हे मूळचं अमेरिका खंडातलं तण पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं ते 1950च्या दशकात. आणि सगळीकडे पायाखाली असते ती हरळी, म्हणजे आपली दूर्वा. गणपतीला वाहतो ती कोवळी, तुरा न आलेली. तुरा आला की हाताच्या बोटांसारखी पसरलेली चार-पाच कणसं निघतात आणि त्यांवर नखाएवढेही नसलेले परागकोश लोंबू लागतात. जगभरातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या यादीत हरळीचं नाव बरंच वर आहे.

गवताचा परागकण साधारण 20 ते 50 मायक्रॉनचा. नाकातल्या ओलसर अस्तरावर बसला की काही मिनिटांत त्यातली प्रथिनं पाझरतात. ज्याच्या शरीराने पूर्वी कधीतरी या प्रथिनाला शत्रू ठरवून त्याविरुद्ध ‘आयजीई’ प्रतिपिंडं तयार ठेवलेली असतात, त्याच्या पेशी हिस्टामिन सोडतात. मग ओळीने शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज.

आता हे मोजायचं कसं? शीवमध्ये हवेची गुणवत्ता मोजणारं केंद्र आहे, मग परागांचा आकडा तिथे मिळायला हवा, असं कुणालाही वाटेल. मिळत नाही. आपल्या हवा निर्देशांकात आठ प्रदूषकं आहेत, पराग त्यांत नाहीत. शिवाय ‘पीएम 10’ मोजणारं यंत्र दहा मायक्रॉनहून मोठे कण मुद्दाम बाहेर ठेवतं, म्हणजे बहुतेक अख्खे पराग आधीच गाळले जातात. म्हणून निर्देशांक ‘समाधानकारक’ असलेल्या दिवशीही नाक चोंदू शकतं. काही मोबाइल ॲप परागांचा आकडा दाखवतात, पण तो बहुधा गणिताने काढलेला अंदाज असतो. त्यावर माझा फारसा भरवसा नाही.

मोजण्याची विद्या मात्र जुनी आहे. 1873मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरने आपलं परागज्वरावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. त्याला स्वतःलाच तो विकार होता, आणि उंचावरचे पराग पकडायला त्याने चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून उडवल्या होत्या. त्याच वर्षी कोलकात्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी हवेतल्या कणांचा सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले एस. टी. टिळक यांनी आर. एल. कुलकर्णी यांच्यासह 1970मध्ये हवा खेचून घेणारं एक यंत्र मांडलं. ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून ओळखलं जातं. आत हळूहळू फिरणारा दंडगोल, त्यावर चिकटपट्टी. पट्टी काढायची, तुकडे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखायचा. सगळी मेहनत या शेवटच्या कामात असते.

पण शीवमधल्या सगळ्या शिंका परागांच्या माथी मारणंही बरोबर नाही. पावसाळ्यात दमट भिंतींवर बुरशी येते, तिचे बीजाणू हवेत असतात. गाद्या-उशांमधले धुळीतले माइट तर दमट हवेत जोमाने वाढतात. जेमतेम 0.3 मिलिमीटरचे हे जीव. वावडं येतं ते मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचं. पावसाळाभर ती साठते, आणि मग आपण काय करतो? दिवाळीची साफसफाई! गाद्या झटकतो, माळ्यावरची बोचकी खाली काढतो, पंखे पुसतो. ओल्या फडक्याने पुसलं आणि चादरी-अभ्रे कडकडीत पाण्यात धुतले, तर निम्मा त्रास तिथेच टळावा.

कोणाला कशाचं वावडं, हे अंदाजाने ठरत नाही. प्रिक टेस्टमध्ये हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत जिथे गांधी उठते तिकडे बोट दाखवता येतं. त्याआधी काही दिवस सर्दीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही.

दमेकऱ्यांनी परतीच्या पावसाकडेही लक्ष ठेवावं. ओलाव्याने गवताचे परागकण फुटतात आणि आतले बारीक कण थेट फुप्फुसात पोचतात. 21 नोव्हेंबर 2016च्या संध्याकाळी मेलबर्नमध्ये वादळानंतर हजारो लोक धापा टाकत रुग्णालयांत गेले, दहा जण दगावले. आपल्याकडे गवत फुलोऱ्यावर असतानाच विजांचा पाऊस येतो, तेव्हा ढग गडगडू लागले की खिडक्या लावून घ्याव्यात आणि पंप हाताशी ठेवावा.

चंडीगडने आपल्या शहराचं पराग-कॅलेंडर तयार केलं आहे. शीवमध्ये एखाद्या उंच गच्चीवर दोन-तीन वर्षं यंत्र चालवलं आणि काचपट्ट्या वाचायला वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी बसवले, तर इथलंही होईल. त्याचा पहिला उपयोग महापालिकेच्या उद्यान खात्याला होईल: उद्यानांतलं आणि रस्त्याकडेचं गवत कापायचं ते तुरा यायच्या आधी, म्हणजे ऑगस्टमध्ये की त्याच्याही आधी, हे तारखेनिशी ठरवता येईल.